बी.एड.ची फी सर्वांत स्वस्त होती

बी.एड. करू का, असं विचारायला हल्ली कुणी ना कुणी येतंच. शेजारच्या मुली येतात, जुन्या कंपनीतल्या मैत्रिणी फोन करतात. फी किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी उलट विचारते, पदवीला विषय कोणता होता, आणि वय किती? फीवर जेवढं ठरतं त्याच्या कितीतरी पट या दोन उत्तरांवर ठरतं. नोकरी सोडली तेव्हापासून मी एका वहीत सगळे आकडे लिहीत आले. त्यातले उपयोगाचे तेवढे इथे देते. आकडे माझ्या घरचे आहेत, तुमचे वेगळे असतील. मांडणीचा उपयोग झाला तर बघा.

माझं गाव गोव्यातलं आमोणे. खांडोळ्याला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, लागले. एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर नमुने लावायचे, ग्राफ काढायचे, रिपोर्टवर सही करायची. कंपनीची बस होती, कॅन्टीन होतं. चार वर्षांनी हातात महिन्याला १७ हजार येत होते. वाईट नव्हतं. पण माझ्यापुढच्या खुर्चीवर दहा वर्षं काढलेली बाई माझ्याहून फक्त सात-आठ हजार जास्त घेत होती, आणि शिफ्ट तिलाही चुकली नव्हती. ते बघून मी बी.एड.चा विचार धरला.

वेळ मात्र नेमकी वाईट निवडली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. दादा खनिज वाहणाऱ्या बार्जीवर होता. आमोण्याच्या नदीत बार्जी नांगरून पडल्या आणि दादा घरी बसला. त्याच महिन्यात मी जेवताना विषय काढला.

दादा म्हणाला, "माझा पगार गेला, आता तूही सोडतेस. मग घर कुणी चालवायचं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर बाबांनी दिलं. बाबा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, जुन्या पेन्शनवाले. ते म्हणाले, "दोन वर्षं माझ्या पेन्शनीवर भागेल. पण बाय, नंतर नोकरी लागेल ना?" वहिनीने शिवणाचं मशीन पुढे ओढलं होतं, ती काही बोलली नाही. आईचा हिशेब निराळाच. मास्तरीण म्हटली की स्थळं चांगली येतात, फी तिथेच वसूल, असं तिचं म्हणणं. हसू येतं, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तरी याच हिशेबावर आलेल्या होत्या, आणि तो सपशेल चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. दुपारी घरी येता येतं, मे महिन्यात सुट्टी असते, याला आपल्याकडे किंमत आहे. पन्नासांच्या वर्गात मुलगे बोटांवर मोजण्याइतके होते, त्याचंही कारण हेच.

बाबांच्या पेन्शनीचा उल्लेख मुद्दाम केला. बी.एड. परवडलं की नाही हे सांगताना लोक हा भाग गाळतात. घरात एक ठरलेली आवक नसती तर मला हे करताच आलं नसतं, वहीत कितीही छान आकडे मांडले असते तरी.

आता खर्च. गोव्यात बी.एड.ला फार पर्याय नाहीत. पणजीला निर्मला, फोंड्याला दादा वैद्य, तिकडे पेडण्यात हरमलला गणपत पार्सेकर. पदवीला ५० टक्के लागतात. मी कुठे केलं ते सांगत नाही, कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे. फी, परीक्षा शुल्क, ओळखपत्र, सहल हे सगळं धरून दोन वर्षांचे सत्तर हजारांच्या आसपास गेले. त्याखेरीज आणखी चाळीस हजार गेले ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हते. गणवेशाच्या साड्या, बसभाडं, झेरॉक्स, आणि सर्वांत जास्त म्हणजे पाठांचं साहित्य. प्रत्येक पाठाला टाचण, तक्ता, एखादी प्रतिकृती. कार्डशीट, थर्माकोल, लॅमिनेशन. अणूची रचना दाखवायला मी मण्यांची माळ तोडून मॉडेल केलं, निरीक्षक मॅडमनी ते हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "हे फळ्यावर खडूने झालं नसतं?" झालं असतं. पण साहित्याला वेगळे गुण होते आणि ते देणार त्याच होत्या.

तरीही हे सगळं मिळून एक लाख दहा हजार. खरा खर्च पुढे आहे: दोन वर्षांचा न मिळालेला पगार. १७ हजारांनी चोवीस महिने, वाढ न धरता ४ लाख ८ हजार. वहीत हा आकडा पहिल्यांदा लिहिला तेव्हा दादाने पेन हातातून घेऊन त्याखाली दोन रेघा मारल्या. एकूण ५ लाख १८ हजार.

माझ्या मावशीच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचा दर्जा घसरल्याचं दाखवून दिलं, त्यानंतर या प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या केंद्रीय संस्थेचे २०१४ चे नियम आले आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. शिक्षणाच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्यासाठी त्या निर्णयाने पदवीची किंमत जवळजवळ दुप्पट केली, आणि वाढ फीत न दिसता बुडालेल्या पगारात झाली, म्हणून तिच्याविषयी कुणी ओरडलं नाही. अर्धवेळ नोकरी करून निभावता येईल म्हणाल, तर तेही नाही. वर्गाला ८० टक्के हजेरी, इंटर्नशिपला ९० टक्के. इंटर्नशिपचे सोळा आठवडे तुम्ही शाळेत पूर्ण वेळ असता, शिकवता, वह्या तपासता, एखादे सर रजेवर असले की त्यांचेही तास घेता, आणि मानधन म्हणून काही मिळत नाही. शाळेला फुकटचा मास्तर मिळतो.

हे बोलून झालं तरी एक सांगायलाच हवं. त्या सोळा आठवड्यांत जे शिकले ते बाकी सगळ्या पेपरांपेक्षा जास्त कामाचं ठरलं. सूक्ष्म अध्यापनात पाच-सात मिनिटांचा पाठ मैत्रिणींपुढे घ्यायचा, त्या शहाण्या मुलींसारख्या हात वर करतात. नववीच्या खऱ्या वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीतून बाहेरच्या फुटबॉलकडे बघत असतो आणि तुमची प्रस्तावना तुमच्यापाशीच राहते. इंटर्नशिपमध्ये मला आणखी एक गोष्ट मिळाली, ती अभ्यासक्रमात नव्हती. स्टाफरूम.

स्टाफरूममध्ये मला कळलं की जागा कशी निघते. अनुदानित हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला, की शाळा ती जागा भरायची परवानगी शिक्षण खात्याकडे मागते. खातं आधी बघतं, दुसऱ्या कुठल्या शाळेत तुकडी बंद पडून कुणी अतिरिक्त ठरलाय का. असला तर तो इथे येतो. नसला तर रोस्टर बघायचं, जागा खुली की राखीव. मग वर्तमानपत्रात जाहिरात, मुलाखत, पाठ, आणि नेमणुकीला खात्याची मान्यता. एका जुन्या हेडमास्तरांनी मला विचारलं, "आजूबाजूच्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक कधी निवृत्त होतात ते काढलंस का?" काढलं नव्हतं. त्यांनीच चार-पाच शाळा सांगितल्या. माशेल, बाणस्तारी, साखळी, डिचोली या बाजूची मी यादी केली. शाळा, विषय, निवृत्तीचं साल. प्रवेश घेण्याआधी अशी यादी करता येते, आणि तिला एक पैसा लागत नाही. मला ती दुसऱ्या वर्षी सुचवली गेली.

इथे विषयाची गोष्ट येते. माझ्या बाजूला बसणारी मुलगी मराठी घेऊन बी.ए. झालेली, माझ्याहून कितीतरी चांगली शिक्षिका. तिची मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, मराठी. आमच्याकडे हायस्कुलं बहुतेक इंग्रजी माध्यमाची, मराठी हा तिथे एक भाषा-विषय. पुष्कळ शाळांत मराठीला एकच शिक्षिका पुरते, आणि ती चाळिशीतली असली तर पुढची अठरा-वीस वर्षं तिथे जागा नाही. गणित-विज्ञानाचे तास जास्त, शिक्षक जास्त, म्हणून जागाही निघत राहतात. शिवाय शिकवण्या. दहावीच्या विज्ञानाला पैसे देऊन मुलं पाठवणारे पालक मराठीला पाठवत नाहीत. दोघींनी फी सारखीच भरली, पाठ सारखेच घेतले. पदवी एक, भाव दोन.

प्राथमिक शाळेत जाता येईल, ही तिची आशा होती. एनसीटीईने जून २०१८ मध्ये, म्हणजे आम्ही प्रवेश घेत होतो तेव्हाच, बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची दारं उघडली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली: प्राथमिकला डी.एल.एड. ही पदविकाच लागेल. माझी मावसबहीण बारावीनंतर पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे सरकारी शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, डी.एल.एड.ला गेली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला डिग्री कर म्हणून उपदेश केला होता. दोन वर्षांत हातात पात्रता, बुडवायला पगार नाही कारण नोकरीच नव्हती, आणि केंद्राच्या श्रेणीत बघितलं तर प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३५,४००, प्रशिक्षित पदवीधराचं ४४,९००. साडेनऊ हजारांच्या फरकासाठी तीन वर्षं जास्त शिकायचं की नाही, हे लहान मुलं आवडतात का यावर सोडावं. लहान मराठी शाळांतली पटसंख्या घसरते आहे, तो धोका मात्र तिच्या बाजूचा.

आमची शेवटची परीक्षा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लांबली. त्या वर्षी शाळा मोबाइलवर भरत होत्या, नवीन माणूस कोण घेणार? मी घरून शिकवण्या घेतल्या, वर्षाचे पन्नास हजार सुटले. पुढची दोन वर्षं लेक्चर बेसिस. हा शब्द ज्यांनी भोगला त्यांना समजावायला नको. घेतलेल्या तासांचे पैसे. चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी, दिवाळी, नाताळ, मे महिना, परीक्षेचे दिवस, सगळे बिनपगारी. पर्यवेक्षण असतं, वार्षिक संमेलनाला नाटक बसवायचं असतं, त्याला तास म्हणत नाहीत. शिवाय बिल दोन-तीन महिने अडकतं. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला शिक्षिका वहिनीकडून उसने घेते आणि ब्लाउज शिवणारी वहिनी ते देते, असं आमच्या घरी झालेलं आहे. वर्षाला लेक्चरचे १ लाख २० हजार, शिकवण्यांचे साठ हजार. कंपनीत माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण तेव्हा महिन्याला २२ हजार नेत होती.

त्याच काळात सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, दिली. आठवीपर्यंत शिकवायचं तर अशी पात्रता परीक्षा (टीईटी) हवी, १५० पैकी ९० गुण. एका पेपरला हजार रुपये फी. एकदा पास झालं की आता ती आयुष्यभर चालते, पूर्वी सात वर्षांनी संपायची. गणित-विज्ञानाचा पेपर जमला. बालमानसशास्त्राचे प्रश्न मात्र असे की चारही पर्याय सुशील वाटतात, त्यातला जास्त सुशील शोधायचा. बी.एड. करताकरताच देऊन टाका. अभ्यास ताजा असतो आणि पुढे तोच परत करायला कंटाळा येतो.

यादीतली पहिली जागा निघाली तेव्हा तिथे अतिरिक्त शिक्षक आला. दुसरी राखीव निघाली. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीआधीच एका ओळखीच्याने बाबांना माशेलच्या बाजारात गाठून सांगितलं की काम होईल, थोडी व्यवस्था करावी लागेल. बाबांनी त्याला नारळ दाखवून विचारलं, "हा केवढ्याला?" आणि पुढे गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात नोकरीच्या नावावर लाखो रुपये घेतल्याची प्रकरणं गोव्यातल्या वर्तमानपत्रांत रोज येऊ लागली, तेव्हा आमच्या घरी कुणाला नवल वाटलं नाही. ज्यांनी दिले त्यांचाही हिशेब माझ्यासारखाच होता, रकान्यात फक्त आणखी एक रक्कम. तो पैसा परत मिळवायची पावती नसते, एवढं त्यांनी धरलं नाही.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी एक मधलीच सूचना. सावंतवाडीच्या चुलतबहिणीला वाटत होतं, गोव्यात पगार चांगले, तिकडे अर्ज करू. सरकारी जागांच्या जाहिरातीत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास बरं, असं लिहिलेलं असतं. पत्रादेवीपलीकडून हा हिशेब मांडू नका.

२०२३ मध्ये एका शाळेत कंत्राटी म्हणून घेतलं, दहा महिन्यांचे वीस-वीस हजार. आणि जून २०२४ मध्ये एका अनुदानित हायस्कुलात कायम जागा मिळाली. शाळा माझ्या यादीत नव्हती. तिथल्या शिक्षिका नवऱ्याच्या बदलीमुळे राजीनामा देऊन गेल्या होत्या, आणि हे कुठल्याच यादीत येत नाही.

पगाराची चिठ्ठी अशी: मूळ ४४,९००, त्यावर तेव्हाचा ५० टक्के महागाई भत्ता, मिळून ६७,३५०. त्यातून नव्या पेन्शन योजनेचे १० टक्के, ६,७३५. इतर भत्ते आणि कपाती सोडून हातात ६०,६१५. बाबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि पेन्शनीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुझेच पैसे कापतात आणि तुलाच देणार?" खातंही आपला वाटा घालतं, हे मी सांगितलं. पण पेन्शन किती मिळणार हे आज सांगता येत नाही, हेही खरं. ज्या पेन्शनीने मला बी.एड. करू दिलं, तसली माझ्या मुलांना माझ्याकडून मिळणार नाही.

शिकवण्या त्याच महिन्यात बंद केल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. काही जण घेतात, तो त्यांचा प्रश्न. हिशेबात मात्र शिकवणीचं उत्पन्न कायम पगाराच्या वर मांडू नका, दोन्ही एकदम धरायचे नसतात.

आता बेरीज. कंपनीतल्या मैत्रिणीचा पगार मोजपट्टी म्हणून घेतला. वाट बघण्याच्या चार वर्षांत तिने जे मिळवलं आणि मी जे मिळवलं त्यातला फरक ४ लाख १८ हजार. आधीचे ५ लाख १८ हजार. एकूण खड्डा ९ लाख ३६ हजारांचा. मी कायम झाले तेव्हा तिला २८ हजार मिळत होते, म्हणजे महिन्याला मला साधारण साडेबत्तीस हजार जास्त. दोघींची पगारवाढ बाजूला ठेवली तर खड्डा भरायला अडीच वर्षांना थोडे कमी, म्हणजे २०२६ चा शेवट. नोकरी सोडल्यापासून साडेआठ वर्षं. फी त्या खड्ड्यातली सत्तर हजार.

दोन वर्षं आणखी थांबावं लागलं असतं तरी गणित जमलं असतं, वय हाताशी होतं. कायम जागा आलीच नसती तर कुठल्याच बाजूने जमलं नसतं. ३५ व्या वर्षी घरी दोन मुलं असताना नोकरी सोडून बी.एड.ला जाऊ बघणारीला मी म्हणूनच सरळ जा म्हणत नाही. सरकारी नोकरीची वयोमर्यादा ४५ आहे, तोवर वेळ आहे असं वाटतं. पण दोन वर्षं अभ्यासाची आणि चार-पाच वाट बघण्याची वजा केली की नोकरीची वर्षं किती उरतात ते तिने मोजावं. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची एकात्मिक पदवी हाच २०३० पर्यंत मुख्य रस्ता करायचं म्हटलं आहे, एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांना एका वर्षाचं बी.एड. म्हटलं आहे. ते खरंच सुरू झालं तर बुडणाऱ्या पगाराचा आकडा एका झटक्यात निम्मा होतो. बारावीच्या मुलीने आणि एम.एस्सी. झालेल्या मुलीने माझी वही बघण्याआधी ते बघावं.

माझी मराठीची मैत्रीण एका पतसंस्थेत आहे. बी.एड.चा तिथे एक रुपया वाढत नाही. मध्यंतरी तिने फोन केला, पेडण्याकडच्या एका हायस्कुलात मराठीच्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतात म्हणे. रोस्टर बघितलंस का, मी विचारलं. खुली आहे, ती म्हणाली, अतिरिक्त कुणी आहे का ते मात्र कळत नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत मी आमच्या हेडमास्तरांना विचारणार आहे.